सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या, त्या पुड्या आणि नणंदेची ‘कॅन्सरची गोळी’

प्रश्न थोडक्यात असा : सासूबाई 66 वर्षांच्या, दोन्ही गुडघे झिजलेले. दोन वर्षांपासून मेडिकलमधून आणलेली ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ घेतात. बीपीसाठी टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोन, साखरेसाठी मेटफॉर्मिन, आणि तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसला तेव्हापासून ॲस्पिरिन 75 चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी ओळखीतल्या एकांनी ‘जडीबुटीच्या’ पुड्या आणून दिल्या. चार दिवसांत दुखणे गायब, भूक वाढली, चेहरा भरला, पण उपाशीपोटीची साखर 140 वरून 280 वर गेली. गोळ्यांनी किडनी जाते का? सगळ्यात सुरक्षित गोळी कोणती? जनावरांना बंदी असलेले डायक्लोफेनॅक माणसांना कसे चालते? आणि नणंदेला (वय 31, आमवात) दिलेली मेथोट्रेक्सेट म्हणजे कॅन्सरची गोळी आहे म्हणतात, ती बंद करू का?

किडनीचे नंतर पाहू, ताई. आधी त्या पुड्या.

वर्षानुवर्षांची गुडघेदुखी चार दिवसांत नाहीशी होते, मरगळलेल्या माणसाला एकदम तरतरी येते, भूक लागते, चेहरा गोल होतो आणि साखर दुपटीने चढते. हे सगळे एकत्र ऐकले की आमच्यासारख्या फिजिशियनच्या डोक्यात पहिले येते ते स्टेरॉइड. तपासल्याशिवाय खात्रीने कोणी सांगू शकणार नाही, पण संशय धरूनच पुढे जायला हवे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोनच्या गोळ्या अत्यंत स्वस्त आणि इवल्याशा असतात. कुटून चूर्णात मिसळल्या तर सुंठीच्या वासाखाली काही कळत नाही. डेक्सामेथासोनचे 1 मिलिग्रॅम हे प्रेडनिसोलोन या नेहमीच्या, सौम्य स्टेरॉइडच्या साधारण साडेसहा-सात मिलिग्रॅमच्या तोडीचे असते, त्यामुळे चिमूटभर पुडीत किती ताकद असू शकते याचा अंदाज करा.

म्हणजे आजच पुड्या फेकून द्यायच्या का? इथेच लोक फसतात. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचे काम कमी करतात. तीन आठवड्यांच्या पुढे गेले की हा धोका खरा असतो, आणि तुमच्याकडे दोन महिने झाले आहेत. अशा वेळी एकदम तोडले तर अंगातले त्राण जाते, उलट्या होतात, बीपी पडते, साखर खाली येते. त्यात जुलाब किंवा तापाची भर पडली तर जिवावर बेतते. म्हणून पुडी स्वतःहून बंद करू नका, वाढवूही नका. उद्याच फिजिशियनकडे न्या. ते मोजून-मापून प्रेडनिसोलोनवर आणतील आणि हळूहळू उतरवतील, लागले तर सकाळच्या कॉर्टिसॉलची, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी स्वतः बनवतात त्या स्टेरॉइडची, तपासणी करतील. साखरेच्या गोळ्यांचेही तेव्हाच पाहावे लागेल, कारण स्टेरॉइड उतरताना साखरही उतरते आणि वाढवून ठेवलेली गोळी मग अंगावर येते.

दोन-तीन पुड्या मूळ पाकिटासकट जपून ठेवा. परवानाधारक आयुर्वेदिक औषधावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, घटक आणि मुदत छापलेली असते. वर्तमानपत्राच्या कागदात किंवा बिनछापाच्या प्लास्टिक पिशवीत आलेले काही असेल, तर त्याची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. हे मी आयुर्वेदाविरुद्ध बोलत नाही. शिकलेले वैद्य चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहितात, आणि विचारले तर सांगतात. नाव सांगायची तयारी नसेल ते औषध घेऊ नये, मग देणारा कोणीही असो.

लांबच्या पल्ल्याचेही सांगून ठेवतो. वर्षभर अशा पुड्या चालल्या की हाडे ठिसूळ होतात, मणके दबून उंची कमी होते, मोतीबिंदू लवकर येतो, कातडी कागदासारखी पातळ होऊन जरा धक्का लागला की काळेनिळे होते. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून खुबा बसतो. गुडघ्यासाठी पुडी घेतली आणि बदलावा लागला खुबा, असे रुग्ण हाडांच्या डॉक्टरांना नवे नाहीत.

आता किडनी. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत दुखण्याची गोळी एकटी असती तर मी एवढा अस्वस्थ झालो नसतो. तिच्या शेजारी कोण बसले आहे ते बघा : टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन.

दुखण्याच्या बहुतेक गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने बनू देत नाहीत. हे ॲस्पिरिनच्या बाबतीत 1971 मध्ये जॉन वेन यांनी दाखवले आणि 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. सांध्यात ही रसायने सूज आणि दुखणे वाढवतात, म्हणून गोळीने आराम पडतो. पण तीच रसायने जठराचे अस्तर सांभाळतात आणि किडनीत रक्त आणणारी बारीक धमनी उघडी ठेवतात. गोळीला सांधा कुठला आणि किडनी कुठली हे कळत नाही.

तुमच्याकडे ठिबक असेल तर लगेच लक्षात येईल. विहिरीचे पाणी खाली गेले आहे, वरचा व्हॉल्व्ह कोणी आवळला आहे आणि नळीचे खालचे तोंड मोकळे सोडले आहे. मग ड्रिपरपाशी दाब कुठून राहणार? लघवी वाढवणारे क्लोरथॅलिडोन शरीरातले पाणी कमी करते, दुखण्याची गोळी आत येणारी धमनी आवळते, आणि टेल्मिसार्टन बाहेर जाणारी धमनी सैल करते. यातले प्रत्येक औषध आपापल्या जागी चांगले आहे. टेल्मिसार्टन तर मधुमेहात किडनीच्या रक्षणासाठीच देतात. तिन्ही एकत्र आली की गाळणीतला दाब पडतो आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, वर जाते. हा धोका तिघे एकत्र आल्यावर पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त, आणि नंतर शरीरातले पाणी कमी होईल तेव्हा तेव्हा.

दोन वर्षे काही झाले नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि मग मे महिन्यात लग्नघरात दोन दिवस जुलाब होतात. किंवा निर्जळी एकादशी. किंवा वारी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणे. पाय भरून आले की कोणीतरी हातावर दोन गोळ्या ठेवतो, रस्त्यात शौचाची सोय नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पोटही बिघडलेले असते. बीपीच्या गोळ्या मात्र घरून नीट मोजून आणलेल्या असतात. वारीला जाणाऱ्या प्रत्येक बीपीवाल्याने निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एवढे विचारून ठेवावे : जुलाब-उलट्या लागल्या तर यातल्या कोणत्या गोळ्या तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवू? दुखण्याची गोळी तर त्या दिवशी घ्यायचीच नाही. बीपीची ती जोडगोळी आणि मेटफॉर्मिन यांबद्दलही बहुतेक वेळा थांबा असेच उत्तर येईल, पण ते त्यांच्याच तोंडून घ्या.

तर किडनी जाते का? निरोगी किडनीच्या, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाने पाय मुरगळला म्हणून चार-पाच दिवस गोळी घेतली तर घाबरण्यासारखे काही नसते. तुमच्या सासूबाईंची गोष्ट वेगळी : वय, मधुमेह, बीपी आणि वर ती तीन औषधे. वेळेत लक्षात आले आणि गोळी थांबवली तर क्रिएटिनिन बहुधा परत खाली येते. उशीर झाला तर काही नुकसान कायमचे राहते.

क्रिएटिनिन करून घ्याच, पण रिपोर्टवरच्या आकड्याला फसू नका. 66 वर्षांच्या बाईचे क्रिएटिनिन 1.2 आले तर बऱ्याच लॅबच्या कागदावर ते ‘नॉर्मल’मध्येच दिसते. वय आणि स्त्री असणे लक्षात घेऊन हिशेब केला तर किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, 50 च्या आसपास निघते. साठच्या खालची क्षमता तीन महिने टिकली तर तो किडनीचा आजार धरतात. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर मागा. तो 30 च्या खाली असेल तर या गटातली एकही गोळी पोटात घ्यायची नाही. सोबत पोटॅशियम आणि लघवीतले अल्ब्युमिन (किडनीतून गळणारे प्रथिन). पोटॅशियम यासाठी की टेल्मिसार्टन आणि दुखण्याची गोळी दोन्ही ते वाढवतात, आणि बीपी आहे म्हणून घरात ‘लो सोडियम’ मीठ आणले असेल तर त्यात पोटॅशियम क्लोराइडच असते. हे मीठ चालू आहे का, हे फार थोडे डॉक्टर विचारतात, तुम्हीच सांगा.

गिधाडांचा प्रश्न विचारलात ते बरे झाले, कारण त्यावरून गैरसमज खूप आहेत. भारतातली गिधाडे 1990 च्या दशकात झपाट्याने मरू लागली. 2004 मध्ये कारण सापडले : डायक्लोफेनॅक टोचलेल्या गुरांचे मांस खाऊन त्यांच्या किडन्या निकामी होत होत्या आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर बसत होता. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून 2015 पासून इंजेक्शन 3 मिलिलिटरच्या एकमात्रेच्या बाटलीपुरते ठेवले. 2023 मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनही जनावरांसाठी बंद झाले, कारण गुरांच्या शरीरात ॲसिक्लोफेनॅकचे डायक्लोफेनॅक होते. माणसाचे यकृत हे औषध काही तासांत मोडून बाहेर टाकते, गिधाडाला ते जमत नाही. त्यामुळे गिधाड मेले म्हणून माणूस मरेल, असा हिशेब चुकीचा. पण कुठल्या माणसाला ते किती झेपेल, हा प्रश्न उरतोच.

पोटाबद्दल एक समज मुळापासून काढायला हवा : ‘जेवून घेतली की गोळी बाधत नाही.’ जेवणाने जळजळ कमी होते, एवढेच. अल्सर होतो तो मुख्यतः गोळी रक्तात गेल्यावर, अस्तर सांभाळणारी रसायने आटल्यामुळे. म्हणूनच कमरेत इंजेक्शन घेतले तरी अल्सर होऊ शकतो. ‘गोळी गरम पडते, इंजेक्शन द्या’ म्हणणारे रोज भेटतात. त्यांच्या पोटाला त्या इंजेक्शनने काही सवलत मिळत नाही. आणि अल्सर दुखेलच असेही नाही. दुखण्याचीच गोळी चालू असल्याने बऱ्याच जणांना आधी काहीच जाणवत नाही, एकदम रक्तस्रावच होतो.

सासूबाईंच्या पोटावर सध्या तीन माऱ्याची औषधे आहेत. ॲसिक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, आणि संशय खरा असेल तर पुडीतले स्टेरॉइड. स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी एकत्र आली की अल्सर फुटण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी झाली, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. लोहाच्या गोळीनेही शी काळपट होते, पण ती चिकट आणि तशा वासाची नसते. हिमोग्लोबिन आता करून ठेवा. हळूहळू झिरपणारे रक्त डोळ्यांना दिसत नाही, थकवा म्हणून खपून जाते.

पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी जठराला चांगले संरक्षण देते, नाश्त्याआधी अर्धा तास घेतली तर. आतड्याच्या खालच्या भागाला तिचा उपयोग नाही. ती वर्षानुवर्षे घेणारा, सोबत मेटफॉर्मिन आणि आहार शाकाहारी, अशा माणसाचे बी 12 जीवनसत्त्व कमी पडू शकते, ते तपासून घ्यावे. पायाला मुंग्या येतात म्हणून त्याला गुडघ्याचेच दुखणे समजून आणखी दुखण्याच्या गोळ्या दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

स्टेंटबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिले आहे, पण माझ्या मते या सगळ्यातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ. रोफेकॉक्सिब नावाची गोळी 1999 मध्ये अमेरिकेत आली. पोटाला सौम्य म्हणून डोक्यावर घेतली गेली. हार्ट ॲटॅक आणि लकवा वाढतो असे दिसल्यावर सप्टेंबर 2004 मध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली, आणि भारतातही त्याच वर्षाच्या शेवटी तिच्यावर बंदी आली. तेव्हा बोट होते नव्या गोळ्यांकडे. पुढे जुन्या गोळ्याही त्याच नजरेने तपासल्या, तेव्हा 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसले की डायक्लोफेनॅकचा पूर्ण डोस हृदयाला जवळपास तेवढाच जड जातो : 1000 जणांनी वर्षभर घेतली तर साधारण 3 जणांना अधिकचा हृदय-रक्तवाहिन्यांचा मोठा झटका, त्यातला एक जीवघेणा. आकडा लहान वाटेल. पण ही सरासरी आहे. ज्यांच्या हृदयवाहिनीत आधीच स्टेंट आहे, त्यांच्यासाठी तो मोठा होतो. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकांनी हृदयवाहिन्यांचा आजार, हार्ट फेल्युअर किंवा लकवा झालेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये असे ठरवले, आणि ॲसिक्लोफेनॅकलाही पुढे तोच नियम लागला.

तेव्हा स्पष्ट सांगतो. स्टेंट असलेल्या बाईने दोन वर्षे रोज दोनदा ॲसिक्लोफेनॅक घ्यावे, हे मला मान्य नाही. पुडीचे वेगळे आहे, पण ही गोळी एकदम थांबवता येते. तिची शरीराला सवय लागत नाही. दुखणे काही दिवस वर येईल, तेवढ्यापुरती तयारी ठेवा. ॲस्पिरिन मात्र अजिबात बंद करायचे नाही. ‘दुखण्याच्या गोळ्या वाईट’ असे ऐकून घरातले लोक नेमकी तीच 75 ची गोळी काढून टाकतात आणि स्टेंट बंद पडतो. आणखी एक : आयब्युप्रोफेन आधी पोटात गेले तर ते ॲस्पिरिनला त्याचे काम, म्हणजे स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी न होऊ देण्याचे, करू देत नाही. डोके दुखले, कणकण आली म्हणून आयब्युप्रोफेन सहज घेतले जाते, म्हणून सांगितले.

या गोळ्यांनी बीपीही चढते आणि पायावर सूज येते. मग बीपीची गोळी वाढवली जाते, सुजेसाठी लघवीची गोळी वाढते, आणि मूळ कारण सकाळ-संध्याकाळ पोटात जातच राहते.

मेडिकलमधल्या एकत्र गोळ्यांचे थोडे. आमच्या टेबलावर पेशंट पिशवी रिकामी करतात तेव्हा अर्ध्या स्ट्रिपा कात्रीने अशा कापलेल्या असतात की नाव एका तुकड्यावर आणि मुदत दुसऱ्याच्या घरी. एकीवर नुसते ‘एसपी’ उरलेले, दुसरीवर ‘प्लस’. मग ‘लाल गोळी रात्रीची, पांढरी दुखेल तेव्हा’ एवढीच माहिती मिळते. त्या एकत्र गोळीत पॅरासिटामॉल असते, सर्दीच्या गोळीत असते, तापाच्या गोळीत असतेच. एकाच दिवशी तिन्ही घेतल्या की यकृतावर भार पडतो, दारू पिणाऱ्यावर जास्तच. सरकारने 2011 मध्ये अशा मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉलला 325 मिलिग्रॅमची मर्यादा घातली ती यासाठीच. स्नायू सैल करणारे थायोकॉल्चिकोसाइड काही मिश्रणांत असते. युरोपात ते तोंडाने सलग 7 दिवसांच्या वर देत नाहीत, आपल्याकडे स्ट्रिप संपली की दुसरी येते. वर उल्लेख केलेल्या बहुतेक गोळ्या शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्याच नाहीत. ते किती पाळले जाते हे तुम्ही-मी जाणतोच. निदान पूर्ण स्ट्रिप मागा आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.

ट्रामाडोल, म्हणजे अफूच्या जातीचे दुखण्याचे औषध, कोणी सुचवले तर इतकेच लक्षात ठेवा : किडनी-हृदयाला ते तुलनेने सोपे, पण चक्कर, मळमळ, बद्धकोष्ठता, झोप. रात्री बाथरूमला जाताना पडून खुबा मोडला तर गुडघ्याचे दुखणे परवडले असे वाटेल. सवय लागते, म्हणून 2018 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते अजिबात जमत नाही.

मग सुरक्षित काय? निव्वळ सुरक्षित अशी गोळी नाही. सासूबाईंपुरते उत्तर मी असे देईन. पहिले औषध पोटातले नकोच, गुडघ्यावर लावायचे डायक्लोफेनॅक जेल. त्यातले साधारण 6 टक्केच रक्तात पोहोचते, त्यामुळे मोठ्या धोक्यांचा बराचसा भाग टळतो. ‘लावून काही होत नाही’ म्हणणारे बहुतेक जण वाटाण्याएवढे घेऊन पुसल्यासारखे करतात. 1 टक्क्याचे जेल एका गुडघ्याला एका वेळी 4 ग्रॅमपर्यंत लागते, दिवसातून तीन-चार वेळा. या हिशेबाने 30 ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन-अडीच दिवसांत संपते. खर्च होतो हे खरे, पण मग औषध न लावताच ते निकामी ठरवू नका. वरून गरम शेक किंवा घट्ट पट्टी नको, फुटलेल्या कातडीवर नको. किडनी फारच कमजोर निघाली तर जेलसुद्धा विचारूनच.

पॅरासिटामॉल गुडघ्याच्या झिजेवर फार थोडे काम करते, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. तरी अडल्या-नडल्या दिवसासाठी, बाकी कशात ते नाही याची खात्री करून, ठरलेल्या डोसात त्यांना तेच बरे. गुडघा अचानक सुजला, पाणी झाले, तर सांध्यात स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन हा रास्त उपाय आहे. दोन-चार दिवस साखर वाढेल, लक्ष ठेवावे लागेल. पुडीतले स्टेरॉइड वाईट आणि हे चांगले कसे, असे विचाराल. इथे किती, कुठे आणि कितीदा हे ठाऊक असते, फरक तेवढाच.

आणि मांडीचा स्नायू. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली. रोज. हे फुकट असल्यामुळे कोणी करत नाही. वजन 1 किलो घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने घटतो, हे मोजलेले आहे. खाली बसून भाकऱ्या थापणे, निवडणे-टिपणे बंद. ओटा, उंच पाट-खुर्ची आणि कमोड हवा. सासूबाई ‘मला सवय नाही’ म्हणतील. त्यांना म्हणावे, स्टेंटचीही सवय नव्हती.

घरात कोणाला चिकनगुनियानंतर सांधे धरले असतील तर त्यांच्यासाठी एक जोड : ताप असताना डेंग्यू नाही हे पक्के होईपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी दुखण्याची गोळी नको, रक्तस्रावाचा धोका असतो. ज्यांना दम्याचा त्रास आहे आणि अशी गोळी घेतल्यावर एकदा तरी श्वास लागला आहे, त्यांनी हा गट कायमचा सोडावा.

आता नणंद. तिचा आजार वेगळा आहे. सासूबाईंचे कूर्चा झिजण्याचे दुखणे, नणंदेच्या आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटलेली असते. तिच्यासाठी दुखण्याची गोळी म्हणजे नुसता आवाज बंद करणे. सांधे वाकडे होण्यापासून वाचवते ती मेथोट्रेक्सेट. कॅन्सरमध्ये ती कितीतरी मोठ्या डोसात देतात, आमवातात आठवड्याला साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम. आठवड्याला, हा शब्द मी ठळक केला असता. मेथोट्रेक्सेटचे जे भयानक अपघात होतात ते बहुतेक रोज घेतल्यामुळे : तोंडात फोड, पांढऱ्या पेशी शून्यावर, ताप, आणि वेळेत अँटिडोट (उतारा) नाही मिळाला तर मृत्यू. सोबत दिलेली फॉलिक ॲसिडही अनेकदा तशीच लहान, पिवळी असते. अदलाबदल सहज होते. एक वार ठरवा, स्ट्रिपवर पेनाने तो वार लिहा, दोन्ही गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवा, आणि 2.5 व 10 मिलिग्रॅम अशा दोन ताकदींच्या गोळ्या घरात एकत्र ठेवू नका.

गोळीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मळमळ, केस थोडे गळणे हे होते, बहुधा निभावता येते. रक्ताच्या पेशी, यकृत आणि क्रिएटिनिन सुरुवातीला दर काही आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी, चुकवायचे नाही. कोरडा खोकला आणि दम, तोंडात फोड किंवा ताप आला तर त्या आठवड्याची गोळी न घेता आधी फोन. लघवीच्या संसर्गासाठी कोणी कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक लिहिले तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे ठासून सांगा, ही जोडी रक्ताच्या पेशी झोपवते. सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही आमवाताचीच दुसरी गोळी असेल तर सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासायचा.

गोळी बंद करू नका. फक्त एक गोष्ट तिने स्वतःहून डॉक्टरांना सांगायला हवी, कारण सासरी-माहेरी कोणासमोर तो विषय निघत नाही आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरही विचारायचे राहून जातात. तिला मूल हवे असेल तर मेथोट्रेक्सेट किमान तीन महिने आधी थांबवून गर्भावस्थेत चालणारे औषध, जसे सल्फासॅलॅझिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सुरू करतात. तोपर्यंत गर्भनिरोधन पक्के हवे. आणि पाळी चुकली आहे असे वाटले तर पुढची मात्रा घेण्याआधी घरीच लघवीची तपासणी करायची.